क्लचच्या दोषांची पारख

द्वारका हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी येते. परंतु त्याच नावाचे एक विस्तीर्ण उपनगर दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातही आहे. पूर्वी पप्पनकलां म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या भूभागाची आखणी दिल्ली विकास प्राधिकरणाने केली, आणि तेथे क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, रुंद रस्ते व ते रस्ते एकमेकांना छेदतात तेथील चौक अशी वस्ती उभी राहिली. २००५ साली मेट्रो रेल्वे येथवर येऊन पोहोचली. तरीही सकाळ-संध्याकाळ पालम, विमानतळ व गुरुग्राम ह्या दिशांना मोटारींच्या रांगा लागतातच. ह्या शेजारच्या गुरुग्राममधील कारखान्यात तयार झालेली पहिली मारुती ८०० मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या स्वाधीन झाली, आणि त्यानंतर मध्यम उत्पन्नाच्या असंख्य कुटुंबांच्या दारी मोटार दिसू लागली.

अशा रांगेत सापडलेल्या चालकाकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्या डाव्या पायाला क्षणाचीही उसंत नसते. पुढील मोटार चार हात सरकली की त्याने क्लचचे पेडल हळूच सोडावयाचे, आपली मोटार चार हात पुढे न्यावयाची आणि पुन्हा पेडल दाबावयाचे. मैलभराच्या अंतरात ही क्रिया कितीतरी वेळा घडते. ज्या भागावर एवढा भार पडतो तो भाग कधीतरी झिजणार, हे उघडच आहे. प्रश्न असा की, तो झिजला आहे हे ओळखावयाचे कसे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या मध्ये, बंद आवरणात दडलेला असतो. तो डोळ्यांनी पाहावयाचा तर बहुतेक मोटारींत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे काम वेळ खाणारे व खर्चाचे असते. ज्याचा उदरनिर्वाह भाड्याच्या मोटारीवर चालतो, त्याची तेवढ्या काळाची कमाईही बुडते. आणि इतके करून दोष क्लचमध्ये नव्हताच, केवळ केबलचे एक नट फिरवावयाचे होते, असे आढळले तर? म्हणूनच आवरण उघडण्यापूर्वी, बाह्य लक्षणांवरून आतील दोषाचे अनुमान करता येणे फार मोलाचे आहे. वैद्य ज्याप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी नाडी पाहतो, जीभ पाहतो आणि प्रश्न विचारतो, त्याचप्रमाणे मोटारीचीही परीक्षा करता येते. ती कशी करावी, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

क्लचची रचना

इंजिन एकदा सुरू झाले की ते सतत फिरत राहिले पाहिजे. ठरावीक वेगाखाली त्याचा वेग गेला तर ते बंद पडते. उलटपक्षी मोटारीला मात्र वारंवार थांबावे लागते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके ह्यांची सांगड घालावयाची, आणि हवी तेव्हा ती सोडवावयाची, हे क्लचचे काम होय.

इंजिनाच्या दंडाच्या टोकाला एक जड लोखंडी चक्र बसविलेले असते. ह्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या सपाट पृष्ठाला लागून एक पातळ चकती असते. हीच क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणारे अस्तर लावलेले असते, आणि तिचा मध्यभाग गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दंडाच्या खाचांवर बसतो. चकतीच्या पलीकडे प्रेशर प्लेट नावाचे लोखंडी कडे असते. थाळीच्या आकाराची एक बळकट स्प्रिंग ह्या कड्याला सतत फ्लायव्हीलकडे रेटीत असते. अशा रीतीने चकती दोन लोखंडी पृष्ठांमध्ये चिमटली जाते, आणि फ्लायव्हील फिरले की तीही फिरते.

चालकाने पेडल दाबले म्हणजे केबल किंवा तेलाच्या नळीतील दाब एका फाट्याला ढकलतो. फाटा रिलीज बेअरिंगला पुढे सारतो, बेअरिंग स्प्रिंगच्या मध्यावरील पाकळ्यांवर दाब देते, आणि प्रेशर प्लेट चकतीपासून किंचित मागे सरते. चिमटा सुटतो, फ्लायव्हील फिरत राहते, परंतु चकती मोकळी होते. पेडल सोडले की स्प्रिंग पुन्हा चिमटा आवळते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पेडल वर असताना क्लच धरून ठेवतो आणि पेडल खाली असताना सोडून देतो. त्यामुळे क्लचचे दोषही मुख्यतः दोनच प्रकारचे संभवतात: धरावयाचे तेव्हा न धरणे, आणि सोडावयाचे तेव्हा न सोडणे. थरथर आणि आवाज ही आणखी दोन लक्षणे होत. रोग्याची तक्रार ह्या चारांपैकी कोणत्या वर्गात मोडते हे ठरले की निम्मे निदान झाले असे समजावे.

घर्षणाचा हिशेब

क्लचचा सर्व कारभार घर्षणावर चालतो. दोन पृष्ठांमधील घर्षण त्यांच्यावरील दाबाच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ गीयोम आमोंताँ ह्याने १६९९ साली मांडला. दाब आणि घर्षण ह्यांचे हे प्रमाण दर्शविणाऱ्या आकड्यास घर्षणगुणांक म्हणतात. क्लचच्या कोरड्या अस्तराचा घर्षणगुणांक सुमारे ०.३ असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका लहान मोटारीच्या इंजिनाचा पीळ, म्हणजेच फिरविण्याचा जोर, ६० न्यूटन-मीटर आहे. तिच्या क्लचमधील स्प्रिंग ३,००० न्यूटन बलाने चकती दाबते, आणि अस्तराची सरासरी त्रिज्या ७ सेंटिमीटर आहे. चकतीची दोन्ही पृष्ठे काम करीत असल्यामुळे क्लच जास्तीत जास्त २ × ०.३ × ३,००० × ०.०७, म्हणजे १२६ न्यूटन-मीटर इतका पीळ वाहून नेऊ शकेल. इंजिनाच्या पिळाच्या ही दुपटीहून अधिक क्षमता झाली. नवा क्लच कधी घसरत नाही, त्याचे कारण हेच.

आता समजा, इंजिनाच्या मागील बाजूचे तेलसील फुटून अस्तरावर तेल आले आणि घर्षणगुणांक ०.१ पर्यंत उतरला. तोच गुणाकार आता ४२ न्यूटन-मीटर येतो. इंजिन ६० न्यूटन-मीटर देऊ पाहत आहे आणि क्लच ४२ च नेऊ शकतो; साहजिकच चकती घसरू लागते. ह्या हिशेबात आणखी एक बोध दडलेला आहे. चालकाने इंजिनाकडून ४२ पेक्षा कमीच पीळ मागितला तर हाच तेलकट क्लच मुळीच घसरणार नाही! अर्थात, संथ चालीत आजारी क्लचही निरोगी भासतो. दोष बाहेर काढावयाचा तर त्याच्यावर पुरता भार टाकून पाहिले पाहिजे.

द्वारकेचा प्रदेश सपाट आहे. उड्डाणपुलांच्या चढणी सोडल्या तर तेथे चढ असा नाहीच. अशा ठिकाणी अशक्त झालेला क्लच दीर्घकाळ आपला दोष लपवून ठेवू शकतो. समजा, तेथील एखादे मराठी कुटुंब सुटीत तीच मोटार घेऊन मुंबईस आले. परतताना कसाऱ्याचा घाट चढावयाचा आहे, धुळ्याच्या पुढे सेंधव्याच्या वाटेवर बिजासन घाट आहे. गाडीत माणसे भरलेली आणि टपावर सामान. दिल्लीत कधीही न दिसलेला दोष येथे, मालमोटारींच्या रांगेत, अर्ध्या चढणीवर प्रकट होतो. म्हणून लांबच्या प्रवासापूर्वी पुढील परीक्षा करून घेणे शहाणपणाचे आहे.

पेडलपासून आरंभ

कोणतीही परीक्षा पेडलपासून सुरू करावी. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हलकेच दाबून पाहावे. केबलच्या क्लचमध्ये आरंभीचे थोडे अंतर पेडल अगदी सहज, विरोधावाचून खाली जाते. ह्यास मोकळी चाल किंवा नुसते प्ले म्हणतात. बहुतेक लहान मोटारींत ती १० ते २५ मिलिमीटरच्या आत असते. नेमका आकडा त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये ती फारच थोडी असते.

ही मोकळी चाल क्षुल्लक वाटली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. अस्तर झिजत गेले की स्प्रिंगच्या पाकळ्या रिलीज बेअरिंगच्या जवळ सरकतात आणि मोकळी चाल कमी होत जाते. ती अगदी नाहीशी झाली तर बेअरिंग पाकळ्यांवर सदैव रेलून राहते. म्हणजे चालकाचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. ह्याउलट केबल ताणून लांबली तर मोकळी चाल वाढते. मग पेडल तळाला टेकले तरी क्लच पुरता सुटत नाही. एकाच नटाची चुकीची स्थिती दोन परस्परविरुद्ध दोष निर्माण करते, हे येथे दिसून येईल. म्हणून गिअरबॉक्स उतरविण्याचा विचार करण्याआधी मोकळी चाल मोजावी, आणि चुकली असल्यास केबलचे नट फिरवून ती योग्य करावी. दोष तेवढ्याने गेला तर खर्च वाचला. न गेला तर निदान एक कारण वगळले गेले.

क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर तेलाच्या डबीतील पातळी पाहावी, आणि नळीच्या सांध्यांपाशी व पेडलच्या वरच्या बाजूस ओल आहे की काय हे तपासावे. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, आणि लागोपाठ चार-सहा वेळा दाबल्यावर क्लच नीट सुटत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा आतील रबरी सील झिजले आहे असे अनुमान करावे.

पहिला दोष: न धरणे

क्लच घसरू लागला की चालकाची तक्रार सहसा अशी असते: “गाडी ओढत नाही.” परंतु गाडी न ओढण्याची कारणे अनेक आहेत. हवेची गाळणी तुंबली तरी गाडी ओढत नाही. ब्रेक चाकाला चिकटून राहिले तरी ओढत नाही. इंजिन अशक्त झाले तरीही ओढत नाही. ह्या सर्वांतून क्लचचा दोष वेगळा कसा काढावयाचा?

येथे एकच प्रश्न निर्णायक ठरतो: अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा वेग वाढतो काय? इंजिनाचा आवाज झपाट्याने चढतो आणि मोटारीचा वेग मात्र वाढत नाही, असे असेल तर इंजिनाचा जोर वाटेतच कोठेतरी वाया जात आहे. दोष क्लचचा समजावा. इंजिनाचा वेगच चढत नसेल तर क्लच निर्दोष आहे. कारण इंजिन, इंधन किंवा ब्रेक ह्यांत शोधावे.

ही परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावी. मोटार तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने चालत असता अॅक्सिलरेटर एकदम दाबावा. निरोगी मोटारीत इंजिनाचा व मोटारीचा वेग हातात हात घालून वाढतो. वरचा गिअर घेण्याचे कारण असे की, त्यात मोटार हळूहळू वेग घेते आणि इंजिनाचा पुरा पीळ अधिक काळ क्लचवर राहतो.

उभ्या मोटारीतही एक परीक्षा होऊ शकते. चाकांना पुढेमागे अडण लावावी, हँडब्रेक घट्ट ओढावा आणि पाय ब्रेकवर ठेवावा. मोटारीच्या पुढे व मागे कोणीही उभे राहू नये. मग वरचा गिअर टाकून पेडल सावकाश सोडावे. क्लच पकडीत असेल तर इंजिन तत्काळ बंद पडेल. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे हे सिद्ध झाले. ही परीक्षा एकदाच करावी, कारण घसरणाऱ्या क्लचमध्ये ह्या वेळी फार उष्णता उत्पन्न होते.

उष्णतेचे गणित

क्लच झिजतो तो मुख्यतः उष्णतेने. ही उष्णता किती असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१,००० किलोग्रॅम वजनाची मोटार स्थिर स्थितीतून ताशी १० किलोमीटर वेग घेते तेव्हा तिला सुमारे ३,९०० जूल इतकी गतिज ऊर्जा मिळते. इंजिनाचा वेग ह्या काळात स्थिर राहिला, तर जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ह्यांचे लोखंड मिळून ८ किलोग्रॅम धरले, तर एवढ्या उष्णतेने त्याचे तापमान जेमतेम १ अंश सेल्सियसने वाढेल. तात्पर्य, नीट सुटलेल्या मोटारीत क्लचला विशेष त्रास नसतो.

आता तीच मोटार उड्डाणपुलाच्या, दर २० मीटरला १ मीटर उंची चढणाऱ्या उतारावर रांगेत उभी आहे असे समजू. चालकाने ब्रेक लावलेला नाही. पेडल अर्धवट दाबून, इंजिनाच्या जोरावर त्याने मोटार जागच्या जागी तोलून धरली आहे. ह्यालाच चालक हाफ क्लच म्हणतात. मोटारीला मागे ओढणारे बल सुमारे ४९० न्यूटन आहे. पहिल्या गिअरमधून ते क्लचपर्यंत येते तेव्हा त्याचा पीळ सुमारे १० न्यूटन-मीटर होतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर क्लचमध्ये दीड किलोवॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत राहते. पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीइतकी ही शक्ती झाली, आणि ती एका बंद आवरणात! मिनिटभरात ही उष्णता सुमारे ९०,००० जूल होते. म्हणजे ह्या एका मिनिटाने क्लचला तेवीस-चोवीस वेळा मोटार सोडण्याइतके तापविले. मोटार मात्र एक तसूही पुढे गेली नाही.

अस्तराचे पृष्ठ तर ह्या सरासरी तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापते. त्यातील राळ करपते, पृष्ठ काचेसारखे गुळगुळीत होते आणि पकड कायमची मंदावते. जळक्या अस्तराचा उग्र दर्प येतो तो ह्याच वेळी. मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते तेव्हा हवाही थंडावा देत नाही. म्हणून चढणीवर थांबावयाचे ते ब्रेकच्या आधारे, क्लचच्या नव्हे. आणि चौकात दिवा लाल असेल तर गिअर न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढून घ्यावा.

दुसरा दोष: न सोडणे

पेडल पुरते दाबूनही चकती फ्लायव्हीलबरोबर फरफटत राहते, तेव्हा गिअर टाकताना करकर आवाज होतो किंवा गिअर पडतच नाही. चौकात थांबलेली मोटार पेडल दाबलेले असतानाही पुढे सरकू पाहते. समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडीत असतील तर हा दोष किती घातक आहे हे सांगावयास नको. अशी मोटार दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नये.

ह्या दोषाची परीक्षा अशी: इंजिन मंद चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे. पाच-सहा सेकंद थांबावे, म्हणजे चकतीला स्थिर होण्यास अवधी मिळेल. मग रिव्हर्स गिअर टाकावा. रिव्हर्स निवडण्याचे कारण, अनेक मोटारींत ह्या गिअरला वेग जुळवून घेणारी कडी नसतात आणि त्यामुळे चकतीचे किंचितसे फिरणेही लपत नाही. थांबूनही करकर झाली तर क्लच सुटत नाही असे समजावे.

तरीही निष्कर्षाची घाई करू नये. इंजिन बंद करून पुन्हा सर्व गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असता गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, असे असेल तर दोष क्लचचा. दोन्ही वेळी सारखेच अडत असतील तर गिअरच्या दांड्या, केबली किंवा खुद्द गिअरबॉक्स ह्यांत कारण शोधावे. आणि चालत्या मोटारीत केवळ एकच गिअर, उदाहरणार्थ दुसरा, करकरत असेल व बाकीचे निमूट पडत असतील, तर त्या एका गिअरची वेग जुळविणारी कडी झिजलेली आहे. क्लचला दोष देऊ नये. क्लच सर्व गिअरांना सारखाच असतो.

पावसाळ्यात भुयारी मार्गातील पाण्यातून गेलेली, किंवा पाण्यात उभी राहिलेली मोटार काही दिवस वापराविना ठेवली, तर चकती गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसण्याचा संभव असतो. पेडल नेहमीसारखेच दबते, परंतु क्लच अजिबात सुटत नाही. मोटार दीर्घकाळ उभी होती, हा इतिहास येथे निदानाचा मुख्य धागा ठरतो.

तिसरा दोष: थरथर

पेडल सोडताना मोटार सुरळीत न निघता धक्के देत, थरथरत निघते. अस्तरावर थोडे तेल येणे, फ्लायव्हीलच्या पृष्ठावर उष्णतेचे कठीण डाग पडणे, चकती वाकडी होणे किंवा तिच्या मध्यातील लहान स्प्रिंगा तुटणे ही ह्याची कारणे होत. परंतु इंजिन ज्या रबरी बैठकांवर टेकलेले असते त्या फाटल्या तरी लक्षण हुबेहूब असेच दिसते. म्हणून बॉनेट उघडून, बाजूस उभे राहून, जाणत्या माणसाकडून मोटार जरा पुढे व जरा मागे सोडवून पाहावी. इंजिन जागेवरून उसळी घेताना दिसले तर आधी बैठका तपासाव्यात; त्या बदलण्यास गिअरबॉक्स सोडवावा लागत नाही. पाण्यातून गेल्यानंतर आलेली थरथर अस्तर वाळल्यावर बहुधा आपोआप नाहीशी होते.

चौथे लक्षण: आवाज

आवाजावरून निदान करणे सर्वांत सोपे आहे, कारण पेडलची स्थिती बदलली की आवाजही बदलतो. मोटार उभी, गिअर न्यूट्रल आणि इंजिन मंद चालू ठेवून कान द्यावा.

पेडल वर असताना घरघर ऐकू येते आणि पेडल दाबताच ती थांबते, असे असेल तर तो आवाज गिअरबॉक्सच्या पुढील दंडाच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक. पेडल दाबल्यावर तो दंड थांबतो आणि म्हणून आवाजही थांबतो. उलट, पेडल वर असताना शांतता आणि ते हलके दाबताच किरकिर सुरू, असे असेल तर रिलीज बेअरिंग कोरडे पडले किंवा झिजले आहे. कारण त्याच्यावर भार येतो तो तेव्हाच. पाय सदैव पेडलवर टेकून मोटार चालविण्याची सवय हे ह्या बेअरिंगच्या अकाली अंताचे एक नेहमीचे कारण होय. इंजिन बंद असतानाही पेडल कुरकुरत असेल तर आवाज केवळ पेडलच्या खिळीचा आहे. तेथे वंगणाचे चार थेंब पुरतात.

दुरुस्तीविषयी दोन शब्द

वरील परीक्षांनंतर दोष आतच आहे असे ठरले, तर गिअरबॉक्स उतरविण्यास प्रत्यवाय नाही. उतरविल्यावर चकती, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलणे बहुधा हिताचे असते. एक जुने ठेवून वाचविलेले पैसे गिअरबॉक्स पुन्हा उतरविण्यात जातात. अस्तर तेलकट आढळले तर तेल कोठून आले ते शोधून ते सील आधी बदलावे. कारण तसेच ठेवून केवळ चकती नवी घातली तर तीही थोड्याच दिवसांत तेलकट होईल.

जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉसचे तंतू वापरले जात. त्यांची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनंतर असाध्य रोग उद्भवतात, हे आता निर्विवाद ठरले आहे. अस्तर कोणत्या प्रकारचे आहे हे डोळ्यांना कळत नाही; म्हणून क्लचच्या आवरणातील धूळ हवेच्या झोताने उडवू नये अथवा कोरड्या ब्रशाने झाडू नये. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. तसेच केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, विशेषतः मुलांनी, जाऊ नये.

आता पेडल नसलेल्या मोटारीही रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. त्यांतील विजेवर चालणाऱ्या मोटारींना सहसा असा क्लच नसतो. परंतु भारतात २०१४ पासून लहान मोटारींत लोकप्रिय झालेल्या स्वयंचलित गिअरच्या एका प्रकारात हीच कोरडी चकती असते. फरक इतकाच की पायाचे काम यंत्र करते. चढणीवर ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवर मोटार तोलून धरली तर तेथेही तीच उष्णता आणि तीच झीज.

उपसंहार

ह्या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. प्रथम तक्रारीचा वर्ग ठरवावा: धरत नाही, सोडत नाही, थरथरतो की आवाज करतो. मग पेडलची मोकळी चाल व तेलाची पातळी, म्हणजे जे हाताशी आहे ते, तपासावे. त्यानंतर एका वेळी एकच स्थिती बदलून, इंजिन चालू व बंद, पेडल वर व खाली, हा गिअर व तो गिअर, असा फरक पाहावा. लक्षणांत जो बदल होतो तोच दोषाच्या जागेकडे बोट दाखवितो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात आणि परिणाम पाहावा, ही रीत प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची आहे. ती अवलंबिण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. द्वारकेच्या रांगेतील चालकाला काय किंवा कसाऱ्याच्या घाटाखाली उभ्या असलेल्या कुटुंबाला काय, दहा मिनिटे, सावध कान आणि थोडा विचार एवढी सामग्री पुरेशी आहे. ती ज्याच्यापाशी आहे तो मिस्त्रीकडे गेला तरी “क्लच बदला” असे सांगत नाही. आपल्या मोटारीत काय घडते, केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही, एवढेच तो नेमके सांगतो. चांगल्या मिस्त्रीला त्याहून अधिक काही नको असते.